खरवस: आधी वासराचा, मग आपला

पावसाळा सरत आला की आपल्याकडे म्हशी व्यायला लागतात, आणि आपल्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. ताई, चीक आहे घरात, खरवस करून विकला तर चालेल का? कुणी विचारतं, खरवस लागतच नाही, पाणी सुटतं, काय चुकतं? म्हणून आज खरवसावरच बोलायचं ठरवलंय. करायचा कसा, तो घट्ट का होतो, आणि त्यावर पहिला हक्क कुणाचा.

आता तुम्ही म्हणाल, खरवस काय शिकवायचा? आजीपासून बघत आलोय. खरंय. पण आजीचं प्रमाण आजीच्या हातात होतं, आणि ते ‘अंदाजानं घाल’ एवढंच आपल्यापर्यंत पोचलं. त्यामागचं कारण कळलं, की अंदाज चुकत नाही.

साधं दूध कितीही उकळा, ते आटतं, साय धरतं, पण वडीसारखं लागत नाही. चीक मात्र नुसत्या वाफेनं घट्ट होतो. असं का? दुधात प्रथिनं दोन तऱ्हेची असतात. एक केसीन. लिंबू पिळलं की जे फाटून पनीर होतं, ते हेच. गाईच्या साध्या दुधातल्या प्रथिनांत पाचातला चार हिस्सा याचाच असतो, आणि ते उकळीला दाद देत नाही. दुसरी प्रथिनं म्हणजे पनीर काढल्यावर खाली जे हिरवट पाणी उरतं, त्यातली. ही अंड्याच्या पांढऱ्यासारखी असतात. उष्णता लागली की गोठतात, साधारण ७० ते ८० अंशांच्या आसपास. साध्या दुधात ती इतकी थोडी असतात, की गोठली तरी आपल्याला कळत नाही. चिकात ती भरमसाट असतात. म्हणून चिकाचं पातेलं कुणी थेट चुलीवर ठेवलं तर तो खाली लागतो आणि त्याच्या गाठी होतात. तोच चीक डब्यात घालून वाफेवर ठेवला, की शांतपणे सगळा एकसारखा बसतो.

पण मुळात ही प्रथिनं चिकात इतकी येतात कशाला? आपल्या खरवसासाठी नक्कीच नाही. बाईच्या पोटातल्या बाळाला आईकडून रोगाशी लढायची ताकद थोडीफार पोटातच मिळते. गाई-म्हशीचं तसं नसतं. त्यांची वार अशी असते, की ती ताकद तिच्यातून पलीकडे जात नाही. वासरू जन्मतं तेव्हा ते अगदी उघडं असतं म्हणा ना. हगवण, निमोनिया, कशालाही तोंड द्यायला त्याच्याकडे काही नसतं. ती सगळी शिदोरी आई चिकातून देते. जी प्रथिनं वाफेवर गोठून आपला खरवस घट्ट करतात, त्यांतला मोठा भाग म्हणजे वासराची हीच शिदोरी. खरवस जितका झकास लागेल, तितकं त्या चिकात वासराचं संरक्षण जास्त होतं, असं समजा.

आणि ही शिदोरी घ्यायला वासराकडे वेळ फार थोडा असतो. जन्मल्यावर त्याच्या आतड्याची दारं उघडी असतात, ती तासातासानं मिटत जातात. २४ तासांनंतर चीक पाजला तर पोट भरेल, पण ती ताकद रक्तात जाणार नाही. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत पहिली धार वासराच्या पोटात गेलीच पाहिजे. किती? वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा धरा. वासरू २५ किलोचं असेल तर अडीच लिटर, रेडकू ३० किलोचं असेल तर तीन लिटर. एका दमात पीत नसेल तर दोनदा पाजा, पण पहिल्या काही तासांतच. पुढे तीन दिवस त्याला चीकच द्या.

इथं मला एक जुनी समजूत आडवी येते, आणि ती आपल्याच घरांतून आहे. ‘वार पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही.’ किती तरी गोठ्यांत मी हे पाहिलंय. वार पडायला साधारण आठ ते बारा तास लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर वासरू हंबरतंय, आई चाटतेय, आणि आपण दोघांच्या मध्ये दावं बांधून बसलोय. उलट वासरू सडाला लागलं की आईच्या अंगात पान्ह्याचा रस सुटतो, तोच गर्भपिशवी आवळायलाही मदत करतो. म्हणजे पाजल्यानं वार अडत नाही, झाली तर मदतच होते. बारा तास उलटले तरी पडली नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. हात घालून ओढू नका, आणि वासराला तर मुळीच उपाशी ठेवू नका. सासूबाईंना हे पटवायला वेळ लागेल. त्यांना सांगा की रेडी जगली तर तीन-चार वर्षांनी दावणीला आणखी एक दुभती म्हैस असेल. हा हिशेब सासूबाईंना लगेच कळतो.

मग आपल्याला काय उरतं? पुष्कळ उरतं. संकरित गाय चांगली असेल तर पहिल्या दिवसाचा चीक वासराच्या गरजेपेक्षा बराच जास्त निघतो. गावठी गाईचा कमी निघेल, तिथं मोह आवरायचा. शिवाय डेअरीत हा चीक चालत नाही. चालू नयेच, कारण तापवला की गोठतो. चिकाचं दूध कॅनमध्ये मिसळलं तर ते तापवताना सगळ्यांचंच दूध नासतं. एका गावात तिसऱ्या दिवशीच कुणीतरी गुपचूप घातलं होतं, आणि पूर्ण संकलन परत आलं. कुणी घातलं ते गावाला बरोबर कळलं, हे सांगायला नको. तेव्हा उरलेल्या चिकाला डेअरीत भाव नाही, पण खरवसाला आहे.

पहिली धार वासराला, आणि खरवस दुसऱ्या-तिसऱ्या धारेच्या उरलेल्या चिकाचा, एवढं ठरवून टाका. त्यानं खरवसाचं काही बिघडत नाही. पहिल्या धारेचा चीक इतका दाट असतो, की त्यात तसंही दूध घालावंच लागतं, नाही तर खरवस रबरासारखा होतो. दुसऱ्या धारेपासून ती प्रथिनं झपाट्यानं उतरतात, म्हणून दूध कमी घालायचं. आजीच्या अंदाजाचं गुपित एवढंच आहे.

प्रमाण सांगते, लिहून घ्या. पहिल्या दिवसाचा चीक एक वाटी असेल तर साधं दूध एक ते दीड वाटी. म्हशीचा दाट असेल तर दोन वाट्यासुद्धा सोसतो. दुसऱ्या दिवसाचा चीक दोन वाट्या, तर दूध एक वाटी. तिसऱ्या दिवशी दूध घालूच नका. पण प्रत्येक जनावर वेगळं, म्हणून सगळं मिश्रण पणाला लावायच्या आधी चाचणी घ्या. एका छोट्या वाटीत दोन चमचे मिश्रण घाला, झाकून पाच मिनिटं वाफवा. कडक झालं तर आणखी दूध घाला. लागलंच नाही तर चीक वाढवा. ही दोन चमच्यांची चाचणी ज्या करतात, त्यांचा खरवस कधी बिघडलेला मी पाहिला नाही.

गूळ म्हणाल तर एक लिटर मिश्रणाला २०० ते २५० ग्रॅम. बारीक चिरून किंवा किसून गार मिश्रणातच ढवळायचा. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटायची भीती, ती इथं नाही. पूर्ण विरघळू द्या, घाई करू नका, नाही तर तो तळाशी बसतो आणि खरवस वर फिका, खाली गोडमिट्ट. मग गाळून घ्या, कारण गुळात काय काय निघतं ते आपल्याला माहीत आहे. वेलदोडा, जायफळ किसून. जायफळ थोडंच. काही घरी साखर घालतात, दिसायला पांढराशुभ्र होतो. मला विचाराल तर गुळाचा तो गुळाचाच. पण म्हशीच्या चिकाला साखर आणि केशरही शोभतं, भांडण नको.

आता वाफवणं, ज्यात बहुतेक जणी घसरतात. कुकरच्या तळाशी दोन बोटं पाणी, त्यात जाळी किंवा ताटली, त्यावर तूप लावलेला डबा. डब्यात मिश्रण दोन-तीन बोटं उंचीचंच ठेवा, फार खोल नको. डब्यावर घट्ट झाकण हवंच, नाही तर वाफेचं पाणी ठिबकतं आणि वर डबकं साचतं. कुकरची शिट्टी काढून ठेवा. वाफ धरली की आच मंद करा आणि २० ते २५ मिनिटं ठेवा. सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं. अर्धा तास तरी निवू द्या, मगच वड्या पाडा. गरम असताना कापला तर मोडतोच.

शिट्टी लावून पाच मिनिटांत उरकायला जाल तर आतली उष्णता फार वाढते. गोठलेली प्रथिनं मग मुठीसारखी आवळतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून काढतात. तुम्ही म्हणता ना, पाणी सुटलं, जाळी पडली, ते हे. आता काही घरांत जाळीदार खरवसच आवडतो, त्यांनी आच थोडी मोठी ठेवावी. पण विकायचा असेल तर मऊ, एकसंध, कापल्यावर कड चमकणारा हवा.

हा नुसत्या महाराष्ट्राचा पदार्थ नाही बरं का. कर्नाटकात याला गिण्णु म्हणतात, आंध्र-तेलंगणात जुन्नु, गुजरातेत बळी. आणि दूर थंडीत, आइसलँड नावाच्या बेटावरसुद्धा गाय व्याली की चीक असाच गरम पाण्यात ठेवून घट्ट करतात आणि वर दालचिनी-साखर घालून खातात. इंग्लंडमधल्या शेतकरणी चिकाला बीस्टिंग्ज म्हणायच्या आणि त्याचं पुडिंग भट्टीत भाजायच्या, अंडं न घालता. जिथं गोठा, तिथं खरवस.

ज्यांच्या घरी चीक नसायचा, त्यांनी तेच काम अंड्याकडून करून घेतलं, आणि त्याला नाव पडलं कस्टर्ड. हा शब्द मुळात ‘कवच’ या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण जुन्या काळी ते पिठाच्या पारीत भरून भाजायचे. त्यालाच कस्टर्ड पाय म्हणतात. मैद्यात लोणी चोळून, गार पाण्यानं घट्ट मळून, ताटलीत पारी लावायची. आत दूध, अंडी, साखर आणि वर जायफळ. हो, तिकडेही जायफळच! कडा बसल्या आणि मधला भाग नुसता थरथरतोय असं दिसलं की बाहेर काढायचं, राहिलेलं ते आपल्या उष्णतेनं बसतं. पारीशिवाय नुसतं आतलं सारण तुम्ही आपल्या कुकरमध्ये करू शकता. अर्धा लिटर कोमट दुधाला चार अंडी आणि आठ-दहा चमचे साखर, फेस न आणता ढवळून, गाळून, खरवसासारखंच बिनशिट्टीचं मंद वाफवायचं. अंगणवाडीतल्या पोरांना, बाळंतिणीला उत्तम. नियम तोच, आच मोठी केली की पाणी सुटतं.

बाजारातली कस्टर्ड पावडर मात्र वेगळी गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं १८३७ साली ती काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. त्यात मक्याचं पीठ, रंग आणि वास. दूध घट्ट होतं ते पिठानं. पोटात वाईट काही नाही, पण प्रथिनं अंड्यासारखी मिळतील असं समजू नका.

तसाच चायनाग्रास घालून, किंवा आटवलेलं डब्याचं दूध आणि दही मिसळून वाफवलेला ‘खरवस’ शहरात मिळतो. खायला बरा लागतो, मी नावं ठेवत नाही. पण आपल्या गटानं तो केला, तर डब्यावर तसं लिहायचं. चिकाचा असेल तरच ‘चिकाचा खरवस’. गिऱ्हाईक एकदा फसलं की दुसऱ्यांदा येत नाही, आणि चायनाग्रासची वडी ओळखणं सोपं असतं. ती जिभेवर निसटते, खरवस चावावा लागतो.

डब्यावर आणखी एक लिहू नका. ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारा.’ हल्ली फार चाललंय हे. मघाशी सांगितलं ना, वासराची जी ताकद, तीच वाफेवर गोठते. गोठली की तिचं ते काम संपलं. आपल्याला मिळतात ती उत्तम प्रथिनं आणि चुना, म्हणजे कॅल्शियम. तेवढं लिहा, ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

म्हणून मग कच्चाच चीक प्यावा का? अजिबात नाही. कच्च्या दुधातून माल्टा ताप, क्षयासारखे रोग माणसाला होऊ शकतात. चाखून बघायचा मोहसुद्धा नको. वार उचलताना, व्यालेल्या जनावराखालची जागा साफ करताना हाताला प्लास्टिकची पिशवी तरी बांधा. घरात कुणी पोटुशी असेल तर तिला हे काम देऊच नका. आणि जनावराला भाकड काळात कासेत औषध सोडलं असेल, किंवा आता इंजेक्शन चालू असेल, तर किती दिवस दूध वापरायचं नाही ते डॉक्टरांना विचारून घ्या. तो चीक विकायचा नाही, घरीही खायचा नाही.

आता हिशेब. समजा, दोन घरच्या गाई व्याल्या आणि वासरं पाजून दोन लिटर चीक उरला. त्यात दोन लिटर दूध, एक किलो गूळ. साधारण पाच किलो माल होतो. कापताना, चाखताना थोडा जातो, म्हणून पाव किलोचे १८ डबे धरा. दूध, गूळ, वेलदोडा, गॅस, डबे आणि दोघींची अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढं आधी कागदावर मांडा, त्याला १८ नं भागा, मग भाव ठरवा. मजुरी सोडून हिशेब करणाऱ्या गटाला नफा दिसतो आणि हाती काही लागत नाही. चीक देणाऱ्या बाईलाही पैसे लावा, भले थोडे. ‘आपलंच आहे’ म्हणून फुकट घेतला, की पुढच्या वेळी ती वासराचाच घास काढून चीक पाठवते, हे मी बघितलंय. अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, ती गटाच्या नावानं करून घ्या.

चीक काढला की लगेच झाकून गार पाण्यात ठेवा आणि त्याच दिवशी वापरा. तयार खरवस फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. फ्रिज नसेल तर सकाळी केलेला संध्याकाळपर्यंत संपवायचा. बाजाराला नेताना डबे ओल्या फडक्यात गुंडाळा, मोटारसायकलवर उन्हात लटकवू नका. वरून पाणी सुटलं, आंबूस वास आला, की तो विकायचा नाही.

जाता जाता एक प्रश्न. परवा एकीनं विचारलं, शेळीच्या चिकाचा होतो का? होतो. तोही असाच लागतो, वास थोडा उग्र, वेलदोडा जास्त घाला. पण तीन किलोच्या करडाला पहिल्या दिवशी ३०० मिली तरी हवा. दोन करडं असतील तर ६०० मिली. शेळीच्या कासेत उरतं किती ते तुम्हीच बघा, आणि तिळी असतील तर विषयच संपला.